बुरुजावर बाईचं नाव

घर कुणाच्या नावावर आहे, हा विषय आपल्या बैठकीत नेहमी निघतो. आज इंग्लंडमधलं एक दगडी घर बघू. चारशे वर्षांपूर्वी एका बाईनं ते बांधलं आणि वर आपलं नाव घातलं.

डर्बीशायरमध्ये टेकडीवर हा वाडा आहे, हार्डविक हॉल. बांधणारी एलिझाबेथ. सगळे तिला बेस म्हणत. तिची चार लग्नं झाली, चारही नवरे तिच्याआधी गेले. तेव्हा तिथल्या कायद्यानं लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या हाती जाई. विधवा मात्र आपल्या नावानं व्यवहार करू शके. तरी पहिल्या नवऱ्यामागे विधवेचा वाटा मिळवायला तिला कोर्टात जावं लागलं. चौथा नवरा श्रूजबरीचा उमराव. त्याच्याशी पटलं नाही, म्हणून ती माहेरच्या गावी आली. १५९० मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी साठी ओलांडलेल्या बेसनं नव्या वाड्याचं काम धरलं. १५९७ मध्ये ती राहायला गेली.

दगड जवळच्या तिच्याच खाणीतला, काच तिच्याच भट्टीतली. हिशेबाच्या वह्या अजून जपल्यात, त्यांवर तिच्या सह्या आहेत.

काच तेव्हा फार महाग. पण या वाड्याला भिंत कमी, काच जास्त! हे जमलं कसं? शेकोट्यांची धुराडी बाहेरच्या भिंतीत न घेता आतल्या जाड भिंतींत घेतली, म्हणून बाहेरची बाजू खिडक्यांना मोकळी राहिली. खाली नोकरांची कामं, मधे घरची माणसं, सगळ्यात वर दरबारी दालनं. मजला चढेल तशा खिडक्याही उंच होत जातात. काही खिडक्या तर नुसत्या देखाव्याच्या, काचेमागे भिंतच आहे. आता याला हौस म्हणावं की मिरवणं, तुम्हीच ठरवा.

एवढ्या काचेत थंडी वाजणारच. म्हणून भिंतींवर जाड विणीचे चित्रपडदे लावले. त्यातले तेरा तिनं १५९२ मध्ये दुसऱ्या घराण्याकडून घेतले. त्यांवर जुन्या मालकाची निशाणी होती. ती झाकून आपली लावायला खर्च येणार, म्हणून तिनं भाव कमी करून घेतला. व्यवहाराची पक्की!

वाड्याला सहा बुरूज आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली इंग्रजी अक्षरं, ई आणि एस. लांबून दिसतात. ई म्हणजे एलिझाबेथ. एस मात्र श्रूजबरीचा. ज्याच्याशी पटलं नाही, त्याचीच पदवी तिनं माथ्यावर ठेवली. मला ते जरा टोचतं. पण मानही त्या पदवीलाच होता.

१६०८ मध्ये बेस गेली. वारसाकरापायी वाडा घराण्याच्या हातून सुटला आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. आता तो कायद्यानं संरक्षित आहे. दगड रेतीचा, पावसापाण्यानं झिजतो, त्यामुळे पाथरवटांचं काम संपत नाही. घराण्यातली शेवटची राहणारी, एव्हलिन, तीही विधवाच. म्हातारपणी सुई-दोरा घेऊन ती बेसचे पडदे सांधत बसे.