छिटाचं कुळ

लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर १७१९ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर उतरले आणि दिसेल त्या बाईच्या अंगावरचे कपडे फाडू लागले. कुणी शाई फेकली, कुणी तेजाब. राग बाईवर नव्हता, तिने घातलेल्या कापडावर होता. कापड होतं हिंदुस्थानातून आलेलं सुती छीट. लोकरीचं आणि रेशमाचं गिऱ्हाईक या छिटाने पळवलं, अशी विणकरांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. छापील छिटाची आयात रोखणारा कायदा इंग्लंडने १७०० मध्येच केला होता. १७२१ मध्ये ते अंगावर घालायलाही बंदी आली. फ्रान्स त्याआधीच, १६८६ मध्ये, कडेकोट बंदी घालून बसला होता. ती तब्बल ७३ वर्षं चालली. तेवढ्या काळात चोरटा माल येतच राहिला आणि राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचंही घर त्याने सजलं.

एका फुलाफुलांच्या कापडापायी एवढं रामायण व्हावं, असं त्यात काय होतं? त्याचा रंग धुऊन जात नव्हता. युरोपातले कारागीर कापडावर रंग थापत आणि तो पाण्याबरोबर उतरे. लोकर, रेशीम रंगवण्यात ते तरबेज होते, पण कापूस हट्टी. तो सहजी रंग धरत नाही. त्याला आधी तुरटीसारख्या क्षारांचं पाणी पाजावं लागतं, मग रंग धाग्याशी जखडला जातो. सिंधूकाठच्या लोकांना ही विद्या अवगत असावी. मोहेंजोदारोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीने लाल रंगवलेला होता. वय चार हजार वर्षांच्या पुढे.

ही विद्या पुढे गुजरातेत, सिंधमध्ये, बुऱ्हाणपुरात नांदली. पण तिचा कळस झाला तो पूर्व किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या आसपास. तिथलं काम जवळून पाहिलं की रंगारी हा अर्धा रसायनशास्त्रज्ञ असल्याची खात्री पटते. कोऱ्या कापडाला शेणाच्या पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून, पुन्हा धुऊन पांढरं करायचं. मग हिरडा आणि म्हशीचं दूध यांच्या मिश्रणात बुडवायचं. हिरड्यातला तुरट अंश रंग पकडतो आणि दुधातली चरबी रेषेला फुटू देत नाही. गुळाच्या पाण्यात जुनं लोखंड बरेच दिवस आंबवत ठेवलेलं असतं. त्या पाण्यात कलम बुडवून रेघ ओढली, की फिकट पिवळ्या कापडावर ती डोळ्यांदेखत काळीभोर होते.

लालाची गंमत आणखी वेगळी. जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी लावायचं, पण तुरटीला स्वतःचा रंग नाही. कुठे लावली हे कळावं म्हणून तिच्यात थोडा कच्चा रंग मिसळतात. मग ते कापड वाहत्या पाण्यात धुवायचं. पाणी वाहतंच हवं, कारण साचलेल्या पाण्यात सुटलेली तुरटी पांढऱ्या जागेवर बसते आणि सगळं काम बिघडतं. त्यानंतर मुळीच्या काढ्यात उकळायचं. तुरटी असेल तिथेच लाल चढतो, बाकीची लाली पुढच्या धुण्यात आणि उन्हात निघून जाते. ही मुळी ‘चाय’ नावाच्या रोपट्याची. पेयाच्या चायशी तिचं नातं नाही. कृष्णेच्या मुखाकडच्या शिंपल्यांच्या चुनखडी जमिनीत उगवलेली मुळी सर्वात चोख लाल देते, म्हणून तिचा भाव वेगळा असे.

निळ्यासाठी सगळ्या कापडावर मेण चढवून निळी जागा तेवढी उघडी ठेवायची आणि निळीच्या रांजणात बुडी द्यायची. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा. यातला पिवळा मात्र उन्हाला टिकत नाही. युरोपच्या संग्रहालयांतल्या जुन्या छिटांवर झाडांची पानं निळी दिसतात ती त्यामुळेच.

बंदी होती तोवर युरोपातल्या कारखानदारांना या कृतीचा ध्यास लागला होता. ती मिळवून देणाऱ्यांत एक होता जेझुइट पाद्री गास्ताँ कर्दू. दक्षिण हिंदुस्थानात धर्मप्रसार करताना नव्याने ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांना विचारून विचारून त्याने सगळी कृती टिपली आणि १७४२ मध्ये पत्राने फ्रान्सला कळवली. ते पत्र छापलं गेलं. याच कर्दूने पुढे संस्कृत आणि लॅटिनचं नातं विल्यम जोन्स या भाषापंडिताच्या आधी ओळखलं होतं. माणूस चौकस होता हे खरं, पण त्या रंगाऱ्यांची नावं मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १७६० मध्ये पॅरिसजवळच्या जुईत ओबरकाम्फचा कापडछपाईचा कारखाना सुरू झाला. १७८३ मध्ये थॉमस बेलने कोरीव तांब्याच्या रुळाने छापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये लाल मुळीतलं मुख्य द्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनवलं, आणि १८९७ पासून बीएएसएफ या जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. तोवर मँचेस्टरचं छापील कापड उलट इकडेच विकायला येत होतं. मराठी घरांत परकर-पोलक्याला आणि गोधडीला लागलेलं छीटही बहुतेक गिरणीचंच. दर हंगामाला नवा छाप, स्वस्त दर आणि जुनं झालं की टाकून द्या, ही फॅशनची चाल याच कापडाच्या नकलेने वेग धरत गेली. कुळातल्या काळ्या गोष्टीही सांगायला हव्यात. लंडनच्या बंदीतून निर्यातीचा माल सुटत असे, आणि पश्चिम आफ्रिकेत गुलाम विकत घेताना मोबदला म्हणून हिंदुस्थानी सुती कापड चाले. पुढे बंगाल आणि चंपारणच्या शेतकऱ्यांकडून नीळ जबरदस्तीने पिकवून घेतली गेली.

मूळ विद्या मात्र मेली नाही. स्वातंत्र्यानंतर कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी आंध्रातल्या श्रीकालहस्तीला कलमाने रंगवण्याचं, म्हणजे कलमकारीचं, शिक्षण पुन्हा सुरू झालं. ठशांनी छापायचं काम मच्छलीपट्टणजवळच्या पेडना गावात (गोव्याचं पेडणे नव्हे) टिकलं. आता निसर्गस्नेही कपड्यांची हाक आल्यावर मोठ्या ब्रँडचे लोकही तिथे पोचतात.

इथे जरा थांबून पाहिलं पाहिजे. पेडनाच्या कापडात हिरडा, तुरटी, लोखंडाचं पाणी खरं असतं. पण चाय-मुळी आता दुर्मिळ, म्हणून अनेक कारखान्यांत लाल येतो तो कारखान्यात बनलेल्या अलिझारिनचा. ती फसवणूक नव्हे. मुळीतलं आणि डब्यातलं अलिझारिन एकच द्रव्य आहे. प्रश्न ‘नैसर्गिक’ शब्दाच्या ढिलेपणाचा आहे. खरी फसवणूक दुसरीकडे होते. रासायनिक रंगाने स्क्रीनवर छापलेलं कापड सर्रास ‘कलमकारी’ म्हणून विकलं जातं. ते ओळखायचं तर ठशांचे सांधे बघावेत. हाताच्या ठशात कुठेतरी रेघ केसभर सरकलेली असते, स्क्रीनमध्ये चूकसुद्धा ठरलेल्या अंतराने, जशीच्या तशी येते.

आणि पाणी. एकेक ताग्याला कित्येकदा धुणं लागतं, तेही कालव्याच्या वाहत्या पाण्यात. झाडपाल्याचा रंग म्हणून ते पाणी आपोआप निर्दोष होत नाही. त्यात तुरटी आणि लोखंड उतरलेलं असतंच. कच्छच्या धमडक्यात अजरख या ठशांच्या कापडाचे छापेकार याच पाण्यापायी अडले. जवळची नदी आटली, २००१ च्या भूकंपाने गाव मोडलं, आणि तिथल्या छापेकारांच्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं. जागा निवडताना पाणी पाहिलं. तिथेही भूजल खाली जात असल्याची काळजी आहेच.

ब्रँडची मागणी मात्र शेकडो मीटर, एकाच छटेत, ठरल्या तारखेला. पेडनाचा रंगारी ऊन पडल्याशिवाय कापड वाळवू शकत नाही, पावसाळ्यात काम रेंगाळतं, आणि या खेपेचा हिरडा मागच्या खेपेसारखा नसला तर लालाची छटाही बदलते. ऑर्डरच्या कागदावर या फरकाला ‘दोष’ म्हणतात आणि त्यापोटी पैसे कापले जातात.