भिंत पुसायचा गोळा

पाचवीत हस्तकलेच्या तासाला बाईंनी घरून कणकेचा गोळा आणायला सांगितला होता, आठवतंय? माझ्या उंदराचं शेपूट काही केल्या टिकेना. बाईंनी पाण्याचं बोट लावून ते चिकटवलं आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

परवा भाचीने प्ले-डोचा डबा उघडला आणि तोच तास आठवला. वास थेट तिंबलेल्या कणकेच्या वळणावर जाणारा. जाईलच, पीठ, पाणी आणि मीठ हाच त्याचा पाया. (त्या वासाचीसुद्धा २०१८ साली अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली आहे. आपल्या आयांना सांगू नका.)

हा गोळा मुळात खेळण्यासाठी नव्हताच. अमेरिकेत सिनसिनाटीची कुटॉल कंपनी १९३० च्या दशकात तो भिंती साफ करण्यासाठी बनवायची. तिकडच्या घरांत थंडीत कोळसा जळे आणि काजळी भिंतीवरच्या कागदावर बसे. तो कागद ओला करून पुसायची सोय नव्हती. मग हा गोळा वरून फिरवायचा, काजळी त्याला चिकटून निघायची. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या जागी गॅस आणि तेल आलं, धुता येणारा व्हिनाइलचा कागदही आला. काजळीच उरली नाही, तर गोळा कोण घेणार? कंपनी बुडायला आली.

कंपनीतल्या जो मॅकव्हिकरच्या नात्यातल्या के झुफॉल न्यू जर्सीत बालवाडीत शिकवत. नेहमीची माती चिमुकल्या बोटांना कडक जाते, हे त्यांना दिसत होतं. भिंतीच्या गोळ्यापासून शोभेच्या वस्तू करता येतात, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी तो आणून मुलांपुढे ठेवला. मुलं रमली, बाईंनी जोला कळवलं. त्याने साफसफाईचा घटक काढला, रंग आणि वास घातला, आणि १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला. जोच्या डोक्यात 'रेनबो मॉडेलिंग कंपाउंड' असलं नाव होतं! 'प्ले-डो' सुचवलं झुफॉल दांपत्याने.

१९६५ साली पेटंट मिळालं. त्यावर नावं दोनच, नोआ आणि जोसेफ मॅकव्हिकर, काका-पुतणे. झुफॉलबाई नाहीत. कायद्याने बरोबरच असेल. मिश्रण त्यांनी केलं नव्हतं. पण मिश्रण तर आधीपासून विकलंच जात होतं. त्यात खेळणं कुणाला दिसलं? इंग्लंडमध्ये प्लॅस्टिसिन बनवणारे बाथचे कलाशिक्षक विल्यम हार्बट नशीबवान. त्यांनी स्वतःच कारखाना काढला, म्हणून नाव राहिलं.

हे वाचताना मी चपापले. आम्ही शाळांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवतो. पूर्वी वर्गशिक्षकांना साठ मुलांसाठी साठ वेळा क्लिक करावं लागे. फक्त गैरहजर मुलांची नोंद करा, बाकीचे आपोआप हजर, ही सूचना तालुक्याच्या गावच्या एका शिक्षिकेची. गेल्या वर्षी त्या सुधारणेला आमच्या कंपनीत बक्षीस मिळालं. मंचावर मी पाच सहकाऱ्यांचे आभार मानले. त्या बाईंचं नाव घेतलंच नाही.

गेल्या आठवड्यात धीर करून त्यांना फोन केला, सगळं सांगितलं.

"अहो, त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "पण ते पान उघडायला अजून फार वेळ लागतो, तेवढं बघा ना."

सध्या तेच बघतेय.