फसलेल्या प्रयोगांच्या वह्या

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला किल्ला, शिंदे सरकार आणि गवय्यांची घराणी आठवतात. मला या शहराची आठवण वेगळ्याच कारणाने झाली. १९४७ साली, संस्थान विलीन होण्याच्या उंबरठ्यावर असताना, जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने तेथे एक औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. राज्यातील खनिजे आणि वनोपज यांचा उपयोग शोधणे हे तिचे काम. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली, आणि १९७३ पासून संरक्षण संशोधन व विकास आस्थापना म्हणून स्वतंत्रपणे नांदते आहे.

डासांना दूर ठेवणारे 'डेपा' हे रसायन तिचेच. परदेशात 'डीट' वापरात होते. पण त्याला लागणारे एक आम्ल आपल्याकडे सहजी मिळत नसे. तेव्हा मिळेल त्या कच्च्या मालातून तोच गुण साधायचा होता. चिंच नसली की आमसूल शोधणाऱ्या गृहिणीचीच ही रीत!

अशा शोधाला वर्षे लागतात, कारण घटक, प्रमाण, तापमान यांतले एक बदलले की प्रयोग नवा. अमोनियासाठी उत्प्रेरक शोधताना जर्मनीत मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०९ पासून हजारो चाचण्या केल्या. आता हे कष्ट यंत्रे उपसू लागली आहेत. लिव्हरपूल विद्यापीठातल्या फिरत्या यंत्रमानवाने आठ दिवसांत ६८८ प्रयोग केले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आधीचे निकाल पाहून पुढचा प्रयोग तो स्वतःच ठरवी. २०२३ मध्ये बर्कले येथून सतरा दिवसांत ४१ नवे पदार्थ केल्याची घोषणा झाली. पण त्यांतले बरेचसे नवे नाहीतच, असा आक्षेप इतर रसायनशास्त्रज्ञांनी लगेच घेतला. हात चपळ झाले, पारख अजून व्हायची आहे.

मला खरे थांबवले ते २०१६ च्या एका निबंधाने. अमेरिकेतील हॅव्हरफोर्ड महाविद्यालयातल्या मंडळींनी जुन्या प्रयोगवह्यांतले फसलेले प्रयोग संगणकाला शिकवले. मग स्फटिक कोणत्या मिश्रणातून तयार होतील, याचे त्याचे अंदाज १०० पैकी ८९ वेळा बरोबर आले. अनुभवी माणसांचे ७८ वेळा. काय जमत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आणि आपण? पानिपतच्या पराभवाची पत्रे आपण जिवापाड जपली, छापली, त्यांवर भांडलो. पण एका महाविद्यालयातून (नाव कशाला घ्या!) रसायनशाळेच्या जुन्या वह्या रद्दीच्या हातगाडीवर चढताना मी स्वतः पाहिल्या आहेत. बांधणी शाबूत होती. वरच्या वहीत लाल शाईने लिहिले होते : 'साका बसला नाही. पुन्हा करणे.' मी तेवढी एक मागून घेतली. गाडीवाल्याने तिचे वजन करून पैसे घेतले.