काळे शर्ट

जत्रेचं नाटक म्हणजे आमच्या भिवंडी तालुक्यात गावाचा मान. राजा-राणीच्या पोशाखाला ड्रेपरीवाला होता. फ्लॅट उचलणाऱ्यानं काय घालावं, हे मात्र कुणी विचारलं नाही. तशी गरजही पूर्वी नव्हती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल झालं. पुढं संगीत नाटकांच्या जमान्यात रंगवलेले पडदे आले. मागची हलवाहलव पडद्याआड. दोरी ओढणारा उघड्या अंगानं असला तरी प्रेक्षकाला काय त्याचं?

वीज आली, तशी दिवे घालवून अंधारात सामान हलवायची सोय झाली. आमच्याकडे हे काम यंत्रमागावरची पोरं करत. पाळी संपवून तशीच यायची, अंगात पांढरी बंडी, खाली लुंगी. दिवे गेले की माणूस नाहीसा आणि बंडी तेवढी टेबल घेऊन चाललेली. मागून कुणीतरी ओरडायचा, "आरं, भूत चाललंय!" मेलेल्या आईचा प्रसंग जागीच संपायचा.

जपानच्या काबुकीत काळ्या कपड्यातले मदतनीस भर उजेडात वावरतात, प्रेक्षक ते नाहीतच असं धरून चालतात. आमच्या जत्रेकडून एवढी माया कशी मागणार!

शेवटी माझ्या काकानं मनावर घेतलं. तो मागावर होता. सैल कपडा पट्ट्यात गेला की काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. पहिल्यांदा लुंगी बंद. मग काळा शर्ट. गंमत बघा, भिवंडीत कापडाचे ढीग, पण सगळं कोरं, रंगायला बाहेर जाणारं. काळं विकत आणावं लागलं. टेरिकॉट स्वस्तात मिळत होतं. काका नको म्हणाला, तापल्या दिव्याला लागलं तर वितळून कातडीला बसतं, शिवाय चमकतं. सुतीच घेतलं. बाही पूर्ण, कारण दंडही अंधारात दिसतात. खिसा एकच, त्याला गुंडी. खिळा खाली पडला तर अनवाणी सीतेच्या पायात जायचा. घड्याळं काढून ठेवायची. चपला फटफटतात, म्हणून कॅनव्हासचे बूट.

वैशाखात पोरं घामानं निथळायची, कुरकुरायचीही. तिसऱ्या वर्षी शर्ट धुऊन धुऊन राखी झाले, ते मागावर वापरायला गेले आणि नवे शिवले. शिलाई मंडळाच्या वहीत पोशाखाच्या खर्चात लिहिली, ड्रेपरीच्या भाड्याच्या खालच्याच ओळीत.