मनी, लोकर आणि कोशाचा धागा

परवा दुपारी पुन्हा तेच झालं. भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी टोपडं विणायला घेतलंय. जरा पाठ टेकून बसले, दहा-बारा ओळी झाल्या, आणि मनीने लोकरीचा गुंडा पळवून थेट दिवाणाखाली नेला! घरात मांजर असलं की विणकाम दुप्पट वेळ घेतं, हे ज्यांनी मांजर पाळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात आमचं चंद्रपूर. उन्हाळ्यात लोकर हातात धरवत नाही, त्यामुळे विणायचे दिवस काय ते दिवाळी ते संक्रांत.

गुंता सोडवत बसले होते, तेव्हा मनात आलं, घरात बसून धाग्याशी चाललेला हा खेळ आपल्याकडे कधीपासूनचा? दोन सुयांचं लोकरीचं विणकाम तसं अलीकडचं. ते इंग्रजी अमदानीत, मिशनच्या शाळांमधून आणि साहेबांच्या बायकांकडून आलं. पण आमच्या या जंगलपट्ट्यात घरातल्या बायकांचा हात लागलेला एक धागा त्याच्याही फार आधीपासून आहे. तो म्हणजे कोसा, टसर.

आमच्या आजीच्या ट्रंकेत एक कोशाचं सोवळं होतं. मधासारखा रंग, रंगवलेला नाही, किड्याने दिला तोच. तेव्हा मला वाटायचं, ते काशीहून वगैरे आणलं असेल. नंतर कळलं की कोशाचं गाव तर आमच्या शेजारीच. आरमोरी! आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण गडचिरोली 1982 साली वेगळा झाला, त्याआधी सगळा एकच जिल्हा. आणि 1964 पर्यंत त्याचं नाव चांदा. जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात.

आता मांजराचा आणि रेशमाचा संबंध काय? आहे! जपानात रेशमाचे किडे घरातच वाढवत. त्या किड्यांवर उंदीर ताव मारायचे, म्हणून शेतकरी मांजरं पाळायचे. मांजराची चित्रंसुद्धा भिंतीवर टांगायचे, उंदीर घाबरावेत म्हणून. ताशिरोजिमा नावाच्या बेटावर आज माणसांपेक्षा मांजरं जास्त आहेत, त्याचंही मूळ या किड्यांच्या राखणीतच आहे म्हणतात. म्हणजे मनीचे पूर्वज धागा पळवत नव्हते, धागा राखत होते. हे मी तिला वाचून दाखवलं, तिने जांभई दिली.

पण आमच्या कोशाला मांजर पुरत नाही. तुतीवरचा किडा घरात वाढतो, टसरचा किडा उघड्यावर, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर. पावसाळा सुरू झाला की ढिवर समाजातली माणसं झाडांवर अळ्या सोडतात आणि महिना-दीड महिना जंगलात राखण करतात. पाखरं, मुंग्या, गांधीलमाशा सगळ्यांपासून. मग अळी फांदीला देठ बांधून कोष विणते, कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढा आणि चांगलाच टणक. एका हंगामानंतर दुसरा, थेट हिवाळ्यापर्यंत.

आणि त्याच जंगलात मनीचा भाचा असतो. मांजर वाघाची मावशी ना! ही गंमत इथवरच. 2022 च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागात सीटी-1 नावाचा वाघ पकडला, तोवर गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून 13 माणसं त्याने मारली होती. वडसा म्हणजे आरमोरीला लागूनच. आणि ऑक्टोबर म्हणजे कोशाचा हंगाम. झाडाखाली उभं राहून पाखरं हाकलणाऱ्या माणसाची नजर वर असते, पाठ जंगलाकडे. त्या दिवसांतली बातमी वाचताना मला ती पाठच दिसत होती.

कोष घरी आल्यावर पुढचं काम बायकांचं. कोष सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचे, चार-पाच कोषांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळव्याने वळत वळत धागा काढायचा. दिवसभर, वर्षानुवर्षं. मांडीची कातडी सोलवटते, काळी पडते. 2020 च्या मार्चपर्यंत ही पद्धत देशातून पूर्ण बंद करायची असं केंद्र सरकारने ठरवलं होतं आणि त्यासाठी 'बुनियाद' नावाची छोटी यंत्रं बायकांना द्यायला सुरुवात केली. याच धाग्यातून विदर्भाची करवतकाठी साडी होते. काठावरचे ते करवतीचे दाते आपण कौतुकाने बघतो. मीही बघत आले. धागा कुठे वळला हे मात्र कधी विचारलं नाही.

आजीही विचारत नसे. सोवळ्याचं कापड पवित्र, ते धुवायचीही गरज नाही, एवढंच तिला ठाऊक. ते नेसून ती कुणाला शिवू देत नसे. आणि ते ज्यांच्या हातांतून, ज्यांच्या अंगावरून आलं होतं त्यांना तर नाहीच. हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण आजी माझीच, आणि ते सोवळं आता माझ्याच कपाटात आहे.

मी दुपारी पंख्याखाली बसून विणते. ओळ चुकली तर उसवते, कंटाळा आला तर ठेवून देते. मांजराने गुंडा पळवला तर हसते. घरात बसून धाग्याचं काम त्या बायकाही करत आल्या, पण त्यांना उसवायची सोय नव्हती आणि ठेवून द्यायचीही नव्हती. माझा छंद आणि त्यांचं काम यांत अंतर आहे ते एवढं.

काल ते सोवळं उन्हात घालायला काढलं. मनी लगेच येऊन त्यावर बसली. एरवी मी तिला हाकललं असतं. आजीने तर घर डोक्यावर घेतलं असतं. काल म्हटलं, बस बाई.

तुमच्याकडेही एखादं जुनं कोशाचं वस्त्र असेल. कपाटातून काढलंत तर बोटाने चाचपून बघा. धागा जरा जाड-बारीक लागेल. तो हाताने वळलेला आहे.