भाषणाला घाबरणारी बाई

मंडळी, गेल्या आठवड्यात क्लायंटसमोर डेमो देताना माझी नेहमीप्रमाणे बोबडी वळली. स्लाइड्स चकाचक, पण एका साध्या प्रश्नावर मी गप्प! घरी येऊन मनाच्या समजुतीसाठी जेन जेकब्सबद्दल पुन्हा वाचत बसलो.

जेकब्सबाई १९१६ च्या, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या. कोलंबिया विद्यापीठात दोन वर्षं आवडतील ते विषय शिकल्या, पदवी मात्र कसलीच नाही. तरी १९५२ साली 'आर्किटेक्चरल फोरम' या नावाजलेल्या मासिकात लागल्या आणि इमारतींवर लिहू लागल्या.

१९५६ साली त्यांच्या संपादकांना हार्वर्डमध्ये बोलायचं होतं, पण जमेना. मग बाईंना पाठवलं. भाषण म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा! त्यांनी भाषण लिहून चक्क पाठ केलं. समोर बडे बडे आर्किटेक्ट आणि नगररचनाकार. त्यांना बाईंनी काय सांगितलं? तर ईस्ट हार्लेममधल्या दुकानांची गोष्ट. तिथे विल्यम कर्क नावाच्या समाजसेवकाने त्यांना गल्लीबोळांतून हिंडवलं होतं. जुनी वस्ती पाडून टॉवर उभे राहिले, घरं मिळाली. पण दुकानं गेली आणि त्यांच्याबरोबर माणसांच्या भेटीगाठीही गेल्या. नकाशात हे कुठेच दिसत नव्हतं.

श्रोत्यांतले लुईस ममफर्ड खूश झाले. पुढे १९५८ मध्ये 'फॉर्च्युन'मधला लेख आणि १९६१ मध्ये अमेरिकन शहरांवरचं ते गाजलेलं पुस्तक आलं. (त्या पुस्तकावर याच ममफर्डनी १९६२ साली सणसणीत टीका केली, ही गंमत वेगळीच!)

१९६८ च्या एप्रिलमध्ये तर कमाल झाली. लोअर मॅनहॅटनमधून एक्सप्रेसवे काढायचा घाट होता. त्याच्या जाहीर सुनावणीत माइकचं तोंड अधिकाऱ्यांकडे नाही, लोकांकडे! म्हणजे ऐकायचंच नव्हतं कुणाला. बाई बोलल्या आणि सरळ मंचावर चढल्या. अटक झाली. पण १९६९ साली महापौर लिंडसेंनी तो प्रकल्प सोडून दिला.

मला वाटायचं, चांगलं बोलायला आवाज लागतो, धिटाई लागते. बाईंकडे हार्वर्डला जाताना यातलं काही नव्हतं. होतं ते फक्त स्वतः पाहिलेलं.

आणि मी? डेमोतली ती स्क्रीन जी माणसं दिवसभर वापरणार, त्यांच्यातल्या एकालाही मी भेटलेलो नाही. बोबडी वळेल नाहीतर काय!

असो. सोमवारी मॅनेजरकडे एक दिवस मागणार आहे, त्यांच्या शेजारी नुसतं बसायला.