देवगिरीची अंधारी आणि आपल्या टेबलावरचा सापळा

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे सुट्टीच्या दिवशी फासे, कागद, पेन्सिली घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतात. आणि त्यांच्यासाठीही, ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. थोडक्यात सांगतो. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांचा हा खेळ 1974 साली बाजारात आला.

या खेळात भुयारं येतात आणि भुयारात सापळे येतात. सापळा कसा रचायचा हे नेटवर शोधत बसण्यापेक्षा एक काम करा. संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागा. पंधराएक किलोमीटरवर देवगिरी उभा आहे, म्हणजेच दौलताबाद.

बाराव्या शतकाच्या शेवटी यादव राजा भिल्लम पाचवा याने इथे राजधानी केली. सुमारे 200 मीटर उंच डोंगर, आणि त्याच्या खालच्या कड्याला छिन्नीने तासून भिंतीसारखं सरळ केलेलं. भोवती खडकातच खोदलेला खंदक. त्यावरून जेमतेम दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढाच पूल. वर जायची वाट एकच. दरवाज्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून मोठाले अणकुचीदार खिळे. दरवाजे एका रेषेत नाहीतच, प्रत्येक वेळी वळावं लागतं, म्हणजे हत्तीला धावायला जागाच मिळत नाही.

आणि मग अंधारी. खडकात कोरलेला काळाकुट्ट, चढता बोगदा, मध्येच उभ्या पायऱ्या. पायऱ्यांच्या वरच्या तोंडावर लोखंडी जाळी. युद्ध आलं की तिच्यावर मोठी आग पेटवायची, की वाट बंद. गाइड लोक अजून एक गोष्ट रंगवून सांगतात: एक खोटा फाटा उजेडाच्या दिशेने जातो, शत्रू तिकडे धावतो आणि थेट खंदकात, मगरींच्या तोंडी! ही गाइडची गोष्ट म्हणूनच ऐका. पण डंजन मास्टरच्या वहीत ती लगेच लिहून ठेवा.

आता गंमत बघा. हा सगळा बंदोबस्त कशासाठी? समोरच्याला निवड उरू नये म्हणून. एकच वाट, उजेड नाही, मागे फिरायला जागा नाही. किल्लेदाराला हेच हवं. खेळात मात्र हेच केलंत तर मित्र पुढच्या रविवारी येणार नाहीत.

गायगॅक्सने स्वतःच याचं टोक गाठलं होतं. त्याने 1975 च्या एका स्पर्धेसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाचं थडगं रचलं, ते 1978 साली छापून आलं. त्यात भिंतीवर हिरव्या सैतानाचं आ वासलेलं तोंड आहे. आत शिरलात की संपलात. फासा नाही, दुसरी संधी नाही. स्पर्धेत ठीक आहे, पण घरच्या टेबलावर असं झालं की माणूस गप्प होऊन मोबाइल उघडतो.

मग देवगिरीचं सामान वापरायचं, फक्त उलटं. खोटा फाटा ठेवा, पण इशारा द्या: डावीकडे उजेड दिसतोय, मात्र खालून पाण्याचा ओला वास येतोय आणि फरशी उतरती आहे. ज्याने कान देऊन ऐकलं तो वाचेल. ज्याने ऐकलं नाही तो घसरेल, पण मरणार नाही. खंदकात पडेल, मशाल विझेल, आणि आता बाकीच्यांनी दोर कुठून आणायचा? इथे खेळ सुरू होतो. आगीच्या जाळीचंही तसंच. धूर भरायला तीन डाव लागतात असं आधीच सांगून टाका. मग कोणी ओलं फडकं तोंडाला बांधेल, कोणी पाण्याची पखाल वर ओतेल, कोणी वरच्या पहारेकऱ्याशी बोलणी लावेल. तुम्ही उत्तर ठरवून बसू नका. पटण्यासारखं असेल ते चालू द्या.

‘अहो, पण असं सापळ्याला बगल देणं म्हणजे चीटिंग नाही का?’ इतिहासाला विचारा. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादवांचं मोठं सैन्य बाहेर होतं. राजा रामचंद्र गडावर अडकला. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की धान्य समजून वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं! शेवटी राजाला खंडणी देऊन तह करावा लागला. पुढे 1633 मध्ये मुघल सरदार महाबतखानाने वेढा घातला. बाहेरच्या तटाखाली सुरुंग लावले, आत अन्न संपत गेलं, आणि मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने किल्ला सोडला. दोन्ही वेळा किल्ल्याला पोटानेच दगा दिला. अंधारीतून लढत वर जायची गरजच पडली नाही.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या टेबलावरचं एखादं पोरगं म्हणालं, ‘मी भुयारात जातच नाही, मी यांचं धान्य अडवतो,’ तर चिडू नका. हसा, आणि फासा त्याच्या हातात द्या.

देवगिरीला गेलात तर अंधारीत मोबाइलचा टॉर्च मिनिटभर बंद करा. मग घरी येऊन पहिला सापळा लिहा, आणि आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!